हॉलमधला टब

माझ्या टबामुळे खालच्या मजल्यावर पाणी गळतंय, अशी लेखी तक्रार सोसायटीकडे गेली त्या दिवशी माझा टब हॉलमध्ये, टीव्हीसमोर होता. त्याला नळ नव्हता, पाणी निघून जायला पाइप नव्हता, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्यात आईने मटारच्या शेंगा ओतून ठेवल्या होत्या. सब्जीमंडीतून तिने एकदम दहा किलो आणल्या होत्या आणि सोलून होईपर्यंत ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्या टबातून खाली काही गळलंच असतं तर ती एखादी शेंग असती. तरीही मला नोटीस आली: ११०४ मधील बाथटबचं काम तात्काळ थांबवावं.

मी नोटीस तीनदा वाचली आणि तीनही वेळा माझे कान तापले.

हा फ्लॅट माझा आहे. गाझियाबादमध्ये, अकराव्या मजल्यावर, माझ्या एकटीच्या नावावर. नोकरी नोएडाला, एका आयटी कंपनीत. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली साडेतीन मी भाड्याच्या घरांत काढली होती. स्वतःच्या घरात काय हवं याची मी मोठी यादी केली नव्हती. टब मात्र हवा होता. ऑफिसच्या कामाने एकदा डोंगरातल्या एका जुन्या हॉटेलात राहिले होते. तिथे जुन्या पद्धतीचा टब होता, भिंतीपासून सुटा, पंजासारख्या चार पायांवर उभा. त्यात मी तासभर पडून राहिले आणि त्या तासात मला कोणीही हाक मारली नाही. परत येताना ट्रेनमध्येच ठरवलं की घर झालं की असा एक टब घ्यायचा.

दिल्लीतल्या कीर्तीनगरच्या बाजारात मी मिस्त्रींना घेऊन गेले. हे प्लंबर मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझ्या स्वयंपाकघराचं काम त्यांनीच केलं होतं. दुकानातल्या सेल्समनने आधी माझ्या मागे पाहिलं.

"सर साथ नहीं आए?"

"सर नहीं हैं," मी म्हटलं.

त्याने आवाज एकदम खाली आणला, कोणी वारल्यासारखा. मग मला एक गुलाबी टब दाखवला, लेडीजना हा फार आवडतो म्हणाला. मी नको म्हटल्यावर दोघांसाठीचा दाखवला. "आगे काम आएगा, मैम." मी तिथून निघूनच जाणार होते. पण मिस्त्री तोवर एका पांढऱ्या टबाशी बसून त्याचे पाय हलवून बघत होते.

"दीदी, लेटकर देखिए," ते म्हणाले. "बिना लेटे टब मत लेना."

मी चपला काढल्या, ओढणी आवरली आणि भरदुकानात टबात आडवी झाले. सेल्समन दुसरीकडे बघायला लागला. पहिला टब फार लांब होता. पाय पलीकडच्या टोकाला टेकत नव्हते, म्हणजे पाण्यात मी घसरत गेले असते. दुसऱ्याची पाठ सरळ खुर्चीसारखी होती. तिसरा पाच फुटांचा, काठ बाहेरच्या बाजूला वळलेले, पाठीला उतार, पाय पितळी रंगाचे. त्यात माझी मान बरोबर टेकली. ओतीव लोखंडाचाही तसाच एक होता आणि मला तोच हवा होता, पण मिस्त्री म्हणाले, लोखंड या इमारतीत चढवू नका. उचलायला आठ माणसं लागतील, आणि भरल्यावरचं वजन वेगळंच. मग ॲक्रिलिकचा घेतला. तो दोन माणसांनी सहज उचलला.

टब लिफ्टमधून वर जाताना गार्डने पाहिला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या टॉवरला कळलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारलं, अकराव्या मजल्यावर स्विमिंग पूल होतोय का? त्याखाली पंधरा हसरे चेहरे. मी नकाशासकट रीतसर अर्ज सोसायटीच्या ऑफिसात दिला. दोन आठवडे लागतील म्हणाले. तोवर टब हॉलमध्ये ठेवला. माझी आई पुण्याला दादाकडे असते. ती नवं घर लावायला म्हणून आली होती. तिने पहिल्या दिवशी टबाला एक फेरी मारली आणि म्हणाली, "छान आहे. पण यात बादली कुठे ठेवायची?"

नोटीस आली त्याच शनिवारी कमिटी आली. सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्यामागे फोनचा कॅमेरा चालू केलेला मॅनेजर, आणि खालचे १००४ मधले गृहस्थ, ज्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती.

"मैडम, टब दिखाइए," सेक्रेटरी म्हणाले.

मी दारातून बाजूला झाले. टब समोरच होता. आई शेजारी स्टुलावर बसून मटार सोलत होती. मॅनेजरने कॅमेरा खाली केला.

"ये तो यहाँ है," सेक्रेटरी म्हणाले.

"जी. दस दिन से यहीं है."

खालच्या गृहस्थांना ते पटलं नाही. "कुछ तो किया होगा. टब आया, उसके बाद ही तो दाग़ आया."

"बाथरूम देख लीजिए. एक टाइल नहीं हिली."

त्यांनी बाथरूम पाहिलं. एक टाइल हलली नव्हती. तरी सेक्रेटरी म्हणाले, चौकशी पूर्ण होईपर्यंत काम बंदच ठेवावं लागेल. जो बसवलेलाच नाही त्याची चौकशी कसली, असं मी विचारलं. तेव्हा ते हसले आणि टबाच्या काठावर हात फिरवत म्हणाले, "वैसे अकेली जान के लिए इतना बड़ा टब?"

मला खूप काही बोलायचं होतं. त्यांच्या घरातल्या दोन माणसांसाठी किती खोल्या आहेत ते विचारायचं होतं. पाण्याची नासाडी म्हणून ग्रुपवर उपदेश करणाऱ्या खालच्या गृहस्थांच्या दोन गाड्या रोज पाइप लावून धुतल्या जातात, त्याबद्दल बोलायचं होतं. पण राग आला की माझा आवाज कापतो आणि तो कापलेला त्यांना ऐकवायचा नव्हता. एवढंच म्हटलं, "काम रोकने का कारण लिखकर दीजिए."

तेवढ्यात आई उठली. "आप लोग बैठिए ना. चाय बनाती हूँ."

आणि ते बसले. माझ्या सोफ्यावर. आलं घातलेला चहा प्यायले, पुण्याची हवा कशी आहे ते आईला विचारलं. खालच्या गृहस्थांनी टबातली एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे तोंडात टाकले. "मीठी है," म्हणाले.

दार लागल्यावर मी आईवर ओरडले. "चहा कशाला दिलास त्यांना? ते माझ्यावर खोटा आरोप करायला आले होते."

"घरी आलेल्याला चहा द्यायचा नाही का?"

"नाही. अशांना नाही."

"शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन कसं चालेल गं," आई कप गोळा करत म्हणाली. "एकटी राहतेस."

एकटी राहतेस. सेक्रेटरींनी हसत म्हटलं होतं, आईने काळजीने म्हटलं. मला दोन्ही सारखंच लागलं.

पुढचे दोन आठवडे मी खालच्यांच्या मागे लागले की तुमचं छत उघडून दाखवा. बाथरूमला त्यांनी फॉल्स सीलिंग केलेलं होतं. ओल त्या पांढऱ्या पत्र्यांवर दिसत होती, खऱ्या छतावर काय होतं ते कोणी पाहिलंच नव्हतं. गृहस्थ म्हणत, संडे को. रविवारी म्हणत, मेहमान आए हैं. शेवटी एका बुधवारी मी ऑफिसातून सुट्टी घेतली, मिस्त्रींना बोलावलं आणि सकाळी अकरा वाजता त्यांच्या दाराची बेल वाजवली. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

"वो तो ऑफिस गए हैं."

"मुझे उनसे काम नहीं है. सिर्फ़ सीलिंग देखनी है. पाँच मिनट."

तिने माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रींच्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं आणि बाजूला झाली.

मिस्त्री स्टुलावर चढले, सीलिंगचा एक चौकोन वर सरकवला आणि आत डोकं घातलं. मग उतरून मला म्हणाले, "आप ख़ुद देखिए." मी चढले. वर माझ्या बाथरूमच्या जमिनीची खालची बाजू होती, कोरडी ठणठणीत. हात फिरवला तर बोटांना सिमेंटची धूळ लागली. आणि त्याखाली, सीलिंगच्या आत लपवलेला त्यांचा स्वतःचा गीझर आडवा पडला होता. त्याच्या पाइपच्या जोडातून एकेक थेंब सुटत होता.

मी फोटो काढले, व्हिडिओ काढला. खाली उतरले तेव्हा ती बाथरूमच्या दारातच उभी होती.

"मैंने तो दिवाली से पहले ही कहा था इनको," ती म्हणाली. "रात-दिन टप-टप होती थी."

दिवाळी होऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. माझा टब दिवाळीनंतर आला होता.

"तो कमेटी को क्यों नहीं बताया?"

"मुझसे पूछा किसने?"

तिच्यावर चिडायचं की नाही हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही. चिडले मात्र होते.

फोटो मी ग्रुपवर टाकले. अर्ध्या तासाने सेक्रेटरींनी लिहिलं की मामला आपसी सहमती से निपट गया है, सभी का धन्यवाद. खाली जोडलेले हात. मी लिहिलं, सहमती झालेली नाही, तक्रार खोटी होती, आणि माफी अजून आलेली नाही. त्यानंतर कोणीतरी विचारलं की टॉवरखाली एका लहान मुलाचा डावा बूट सापडलाय, कोणाचा आहे? बूट कोणाचा यावर बारा उत्तरं आली.

आठवड्याने एक नवा नियम निघाला. इथून पुढे कोणालाही बाथटब बसवायचा असेल तर खालच्या मजल्याच्या मालकाची ना-हरकत सही आणावी लागेल. सोसायटीत टब बसवू पाहणारी मी एकटीच होते. म्हणजे ज्या माणसाने माझ्यावर खोटी तक्रार केली, त्याच्याच सहीवर आता माझी आंघोळ अवलंबून होती.

फॉर्म त्यांच्याकडे आठ दिवस पडून राहिला. एका सकाळी ते लिफ्टमध्ये भेटले. ते फोनमध्ये बघत राहिले.

"फ़ॉर्म साइन हुआ?" मी विचारलं.

"देख रहे हैं."

"उसमें देखना क्या है? पानी आपके गीज़र का था."

"हो गया ना ठीक? आप लोग बात को बहुत खींचते हैं."

"कौन लोग?"

त्यांनी फोनवरून नजर उचलली. आम्ही लोक म्हणजे बायका, की मराठी, की नवरा नसलेल्या, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण तळमजला आला, दार उघडलं आणि ते निघून गेले.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर सही केलेला फॉर्म जेवणाच्या टेबलावर होता.

"हा कसा आला?"

"मी गेले होते खाली," आई म्हणाली. "मटारच्या करंज्या केल्या होत्या ना, डबा भरून घेऊन गेले. चांगली माणसं आहेत गं. लगेच सही दिली."

माझ्या हक्काची सही आईने करंज्या देऊन आणली. मी त्या रात्री करंज्यांना हात लावला नाही. आईला वाटलं, तिखट झाल्या.

पण फॉर्म मी फाडला नाही. दुसऱ्या दिवशी तो सोसायटीत दिला आणि मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींचं काम बघत राहावं असं होतं. त्यांनी पाणी निघून जायच्या जागेपुरतीच जमीन खणली, पाइपला उतार दिला, तो दोनदा मोजला, मग जमिनीवर पाणी न झिरपण्याचा लेप दिला. टाइल लावण्याआधी मोरीचं भोक बंद करून चार बोटं पाणी भरलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. खालच्या बाईंचा नंबर आता माझ्याकडे होता. मी रोज विचारायचे आणि त्या छताचा फोटो पाठवायच्या: कोरडं. जुना गीझर बघून मिस्त्री म्हणाले होते, "इससे तो घुटने ही भीगेंगे, दीदी," म्हणून दुप्पट मोठा गीझर बसवला. मग टब उचलून आत नेला. तो दारातून कडेवर उभा करून न्यावा लागला. चारही पाय जमिनीला नीट टेकतात का ते मिस्त्रींनी एका पायाखालून कागद सरकवून पाहिलं आणि तो पाय अर्धा आटा फिरवून वाढवला. शेवटी नळ लावला, पाणी सोडलं, बाहेर काढलं. जाताना म्हणाले, टबाखालच्या टाइलच्या सांध्यांतला मसाला सुकू द्या, कल शाम से नहाइए.

उद्या संध्याकाळ म्हणजे गुरुवार. जानेवारीचा पहिला आठवडा, बाहेर धुकं, ऑफिसात हीटर बंद पडलेला. मी दिवसभर त्या टबाचा विचार केला. लवकर निघाले. घरी येऊन थेट बाथरूममध्ये गेले.

टब काठोकाठ भरलेला होता, थंड पाण्याने. वर आईने माझी इस्त्रीची फळी आणि दोन मोठी ताटं झाकण म्हणून ठेवली होती. काठाला एक प्लास्टिकचा मग अडकवला होता.

"उद्या-परवा पाणी नाही," आई मागून म्हणाली. "टाकी धुणार आहेत. मेसेज आलाय बघ ग्रुपवर. बरं झालं बाई टब होता, नाहीतर एवढं पाणी कशात भरलं असतं?"

ती खूश होती. मी दरवाज्यातच उभी राहिले.

"आई, हा माझा टब आहे."

"मग मी कुठे नाही म्हणते? पाणीपण तुझंच आहे."

"मला आज यात आंघोळ करायची होती. आज. मी कधीपासून वाट बघतेय."

"रविवारी कर. दोन दिवसांनी काय होतंय?"

मग मी जे बोलले ते बोलायचं ठरवलेलं नव्हतं. ते माझ्याजवळ आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"तेव्हाही तू हेच म्हणायचीस. लहानपणी, क्वार्टरमध्ये. सकाळी तासभर पाणी यायचं. पहिली बादली बाबांची, त्यांना ऑफिस. दुसरी दादाची, त्याला शाळा. मलाही शाळा होती, आई. तीच शाळा, तीच बस. मला अर्धी बादली, तीही कोमट. डोकं भिजवू नकोस, रविवारी भिजव, म्हणायचीस."

आईने विचारलं, "असं कधी झालं?"

"रोज."

"मला तर आठवत नाही."

तिला खरंच आठवत नव्हतं. ती नाकारत असती तर मी भांडले असते. पण तिच्या चेहऱ्यावर नुसतं कोडं होतं, एखाद्या अनोळखी पत्त्याचं पत्र हातात पडावं तसं. मला तेच सहन झालं नाही. मी जाऊन बेडरूमचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आई फोन नेहमी स्पीकरवर ठेवते. टेबलाशी बसून तिने त्याला विचारलं, "का रे, लहानपणी हिला अर्धीच बादली मिळायची का आंघोळीला?"

"हो मग," दादा लगेच म्हणाला. "ती रडायची त्यावरून. मी तिला चिडवायचो."

त्याला आठवत होतं. इतकी वर्षं त्याला ते आठवत होतं आणि तो विषय त्याला एकदाही काढावासा वाटला नव्हता. मी फोनपाशी गेले. "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"अगं, मी दहा वर्षांचा होतो."

"मी आठ."

तिकडून तो हसला, मग म्हणाला की मीटिंग आहे. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ टेबलावरचं पीठ बोटाने गोळा करत होती. माफी मागेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "तू सांगायचं होतंस तेव्हा. मला कसं कळणार?"

आठ वर्षांच्या मुलीने काय आणि कसं सांगायचं असतं, हे तिला समजावण्याची ताकद त्या दिवशी माझ्यात नव्हती.

दोन दिवस आम्ही टबातल्या पाण्यावर काढले. त्याने भांडी घासली, डाळ शिजवली, फरशी पुसली. खालच्या बाईसुद्धा एक बादली घेऊन गेल्या. आईने मला न विचारता दिली, आणि मी विचारलं असतं तरी दिली असती. शनिवारी रात्री नळाला पाणी आलं. रविवारी सकाळी मी उरलेलं पाणी सोडून दिलं, टब घासला, गरम पाण्याचा नळ सोडला आणि तो भरेपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले.

पाणी छान होतं. मान बरोबर टेकत होती. मिस्त्रींनी सगळं अचूक केलं होतं. आणि मी त्यात पडल्या पडल्या भांडत होते: सेक्रेटरींशी, लिफ्टमधल्या त्या गृहस्थांशी, दहा वर्षांच्या दादाशी. जे त्या त्या वेळी सुचलं नव्हतं ते सगळं आता सुचत होतं, शुद्ध हिंदीत, आवाज जराही न कापता. आईशी भांडायला गेले की मात्र शब्द संपत होते. बाहेर तिने कुकर लावल्याचा आवाज आला. टाइलवर वाफ जमली होती. पाणी गार व्हायला लागलं तेव्हा मी पायाच्या अंगठ्याने गरम नळ पुन्हा सोडला आणि सेक्रेटरींकडे परत वळले.